स्वस्त संगणकाचा पहिला तास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि अनेक घरांत एक प्रश्न उभा राहिला. कपाटातला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप चालू तर होतो, पण ‘विंडोज ११’ त्यावर अधिकृतपणे बसत नाही; त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. मग तो भंगारात द्यायचा, मुलांसाठी हप्त्यावर नवा घ्यायचा, की भाच्याचे ऐकून जुन्यावरच लिनक्स टाकून बघायचे? नवा घ्यायचा झाला तरी विंडोजऐवजी लिनक्स असलेले छोटे यंत्र काही हजारांनी स्वस्त पडते. अशा वेळी बहुतेक जण तासभर हाताळून निकाल देतात. तो एक तास नीट समजून घ्यायला हवा, कारण अठरा वर्षांपूर्वी याच तासाने एका चांगल्या कल्पनेचा घात केला होता.

लिनक्स म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला हा संगणक प्रणालीचा गाभा. तो कुणालाही फुकट वापरता येतो, बदलता येतो. आपल्या हातातले अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात, म्हणजे लिनक्स न वापरलेला वाचक आता शोधूनच काढावा लागेल.

तर २००७ ची गोष्ट. तैवानच्या असूस कंपनीने जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात ‘ई पीसी’ नावाचे यंत्र दाखवले आणि १९९ डॉलर ही सुरुवातीची किंमत जाहीर केली. प्रत्यक्ष विक्रीला आलेले ७०१ हे मॉडेल अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळू लागले. जाहीर केलेल्या किमतीच्या दुप्पट. तरीही त्या काळच्या छोट्या लॅपटॉपच्या मानाने ही किंमत नगण्य होती, कारण तेव्हा लहान आणि हलके म्हणजे महागच, असा बाजाराचा नियम होता. सात इंची पडदा, एक किलोहून कमी वजन, ५१२ एमबी मेमरी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी ४ जीबीची घन साठवण. चार जीबी! आज एखादा मोबाइल गेमच एवढी जागा खातो. त्यावर विंडोज नव्हे, तर झँड्रॉस नावाची लिनक्सची आवृत्ती होती.

ज्यांनी ते यंत्र पहिल्यांदा उघडले, त्यांची पहिली प्रतिक्रिया आश्चर्याची होती. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत ते तयार. त्या वेळी ‘व्हिस्टा’ चालवणारे थोराड लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा टाकून यावे लागे. समोर फाइली-फोल्डरांचा पसारा नाही. इंटरनेट, काम, शिक्षण, खेळ अशी ठळक पाने आणि त्यांवर मोठी चित्रे. फायरफॉक्स, ओपनऑफिस, स्काइप आधीच बसवलेले. हार्ड डिस्क नसल्याने हिसक्याची भीती नाही, पिशवीत टाकून कुठेही न्यावे. मॅन्युअल न वाचता पत्र लिहायला बसता येत होते, आणि घरातल्या संगणक न शिकलेल्या माणसाला ते पहिल्यांदाच आपलेसे वाटले तर नवल नव्हते.

पुढची अर्धी कहाणी दुसऱ्या प्रकारची. पडदा ८०० बाय ४८० ठिपक्यांचा आणि वेबसाइटी १०२४ ठिपके रुंदीच्या; त्यामुळे प्रत्येक ओळ वाचताना पान डावीकडून उजवीकडे सरकवायचे. कळफलक इतका दाटीचा की प्रौढ माणसाची बोटे एका वेळी दोन कळा दाबत. आणि साठवणीतला एक घोळ फारसे कुणी समजावून सांगत नसे. मूळ प्रणाली वेगळ्या, न बदलणाऱ्या भागात आणि वापरणाऱ्याच्या फाइली दुसऱ्या भागात, अशी रचना होती. तिचा फायदा असा, की बिघडले तर एफ-९ दाबून यंत्र पहिल्या दिवसासारखे करता येई. तोटा असा, की प्रणालीची प्रत्येक सुधारणा वापरणाऱ्याच्या उरलेल्या जेमतेम सव्वा जीबीत जाऊन बसे आणि आधीपासूनचा नको असलेला प्रोग्रॅम काढला तरी जागा मोकळी होत नसे. ‘मी एवढे पुसले, तरी डिस्क भरलेलीच कशी?’ या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याकडे नसायचे.

मोबाइल इंटरनेटचा डोंगल लावला तर तो चालेल की नाही, घरचा प्रिंटर ओळखला जाईल की नाही, हे नशिबावर. सीडीतून येणारे सॉफ्टवेअर बसणार नाही. शिवाय सीडीला खाचच नव्हती.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये एमएसआय या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या अधिकाऱ्याने एका मुलाखतीत सांगितले, की त्यांच्या छोट्या लॅपटॉपपैकी लिनक्सचे लॅपटॉप एक्सपीच्या तुलनेत चौपट प्रमाणात परत येतात. तोवर मायक्रोसॉफ्टनेही पाऊल उचलले होते. ३० जून २००८ ला एक्सपीची विक्री थांबवायचे ठरले होते. पण एप्रिलमध्येच कंपनीने अशा स्वस्त, छोट्या यंत्रांपुरती ही मुदत २०१० पर्यंत वाढवली. बहुतेकांनी त्याच यंत्रांवर एक्सपी घेतले. मग आयपॅड आला, पडदे मोठे होत गेले आणि छोट्या लॅपटॉपची ती लाट ओसरली. लोकांच्या मनात मात्र समजूत राहिली: स्वस्त लॅपटॉप वाईट आणि लिनक्स सामान्यांसाठी नाही.

या समजुतीचा दुसरा भाग आम्हाला मान्य नाही. परत आलेल्या यंत्रांत दोष बहुधा तीन वेगळ्या गोष्टींचा होता. अपुरा पडदा, अपुरी साठवण आणि ‘हे तुमच्या विंडोजसारखे नाही’ असे विकताना कुणीच न सांगणे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा त्रास एक्सपी घेणाऱ्यालाही तेवढाच होता. पण त्याला तो ओळखीचा त्रास होता आणि अडले तर शेजारी विचारायला कुणीतरी होते. २०११ पासून विकली जाणारी क्रोमबुक आतून लिनक्सच आहेत आणि अमेरिकेतील शाळांनी ती मोठ्या संख्येने घेतली. तिथे कुणी लिनक्स हा शब्द उच्चारत नाही. शिक्षक खाते उघडून देतो, मूल कामाला लागते.

शिक्षक हा दुवा तुटला तर काय होते, याचाही पुरावा आहे. एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा संकल्प २००५ मध्ये जगापुढे मांडला. एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्रही लिनक्सवरच चाले आणि त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई. किंमत मात्र १८८ डॉलरवर गेली. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक ही अधिक निकडीची गरज आहे, अशी त्यामागची भूमिका होती. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांवर त्याचा छोटा प्रयोग झाला. पेरूने तर अशी आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. आकलनाच्या काही सामान्य चाचण्यांत मुले थोडी पुढे दिसली. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र मुलाच्या हातात पोहोचले, धड्यात पोहोचले नाही.

याउलट केरळ. तिथल्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले तेव्हा आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तक त्याच प्रणालीवर बेतले आणि दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षाही तिच्यावरच घेतली. मल्याळम पहिल्या दिवसापासून. २०१९ मध्ये त्या राज्याच्या ‘काइट’ या संस्थेने दोन लाख संगणकांमागे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा हिशेब दिला. भागाकार केला तर दर यंत्रामागे दीड लाख रुपये येतात, आणि शाळेच्या संगणकावर एवढ्या किमतीचे सॉफ्टवेअर कुणी घेतलेच नसते, ही शंका रास्त आहे. बचत त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी धरली तरी ती लहान नाही. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचे हे, की तिथल्या मुलाला लिनक्स विचित्र वाटत नाही. त्याचा पहिला तास शाळेत, शिक्षकांसमोर गेलेला असतो.

महाराष्ट्रात हा पहिला तास बहुधा मराठीपाशी अडतो. लिनक्सवर मराठी लिहिता येते, आणि चांगली येते. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट मिळतो. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी वेगळी मांडणी आहे. लिब्रेऑफिसला मराठी शुद्धलेखन तपासनीसही जोडता येतो. पण गावच्या सोसायटीचे इतिवृत्त किंवा दहा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. ‘बघा, लिनक्सवर मराठी चालत नाही!’ वस्तुतः ती फाइल युनिकोडपूर्व काळातल्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवणाऱ्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. तो फाँट नसलेल्या विंडोजवरही ती तशीच दिसेल. आपली कार्यालये आणि डीटीपीवाले आजही अशा फाइली तयार करतात, आणि बोल लावला जातो नव्या यंत्राला.

काही कामांसाठी लिनक्स घेऊ नये, हेही स्पष्ट सांगायला हवे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने, फोटोशॉपवर पोट असणाऱ्याने, किंवा कॉलेजची ऑनलाइन परीक्षा विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरमधूनच द्यावी लागणाऱ्या विद्यार्थ्याने या फंदात पडू नये. पत्रव्यवहार, अभ्यास, व्हिडिओ, बँक, शिकाऊ प्रोग्रॅमिंग यांसाठी मात्र ते पुरेसे आहे. मिंटसारखी आवृत्ती २ जीबी मेमरीवर सुरू होते. पण २००७ ची चूक इथेच पुन्हा होते आहे: ‘चालते’ आणि ‘वापरता येते’ यांत अंतर आहे. नवे यंत्र घेताना ८ जीबी मेमरी आणि बदलता येणारी एसएसडी मागावी. मोबाइलसारखी पटलाला कायमची जोडलेली ६४ जीबी साठवण असलेली स्वस्ताई टाळावी. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी घालण्याइतका गुणकारी खर्च दुसरा नाही.

आणि डोळे. छोटा पडदा मुले जवळ ओढतात, पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकाच बिजागरीला बांधलेले असल्याने मान वाकते किंवा मनगटे उचलली जातात. दोन्ही एकदम सुखात राहत नाहीत. दीड हजारांच्या आतला बाहेरचा कळफलक, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके आणि अक्षरांचा आकार सव्वापट एवढ्याने बरेच भागते. अकरा इंचांच्या यंत्राची बचत यात थोडी खर्च होईल, ती होऊ द्यावी. दहावीपर्यंतच्या मुलाला रोज उजेडी मैदान मिळते का, हा प्रश्न पडद्याच्या आकाराहून मोठा आहे.

शाळांसाठी संगणक घेताना निविदेत मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे असतात, तसेच पहिल्या तासाचे कलमही असायला हवे: डबा उघडल्यावर मराठी कळफलक चालू असावा, शाळेतला प्रिंटर आणि प्रोजेक्टर पुरवठादाराने जोडून दाखवावा, दोन शिक्षकांचे प्रशिक्षण यंत्र येण्याच्या आधी झालेले असावे. हे न करता केलेल्या खरेदीतली यंत्रे मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहतात, मग आत विंडोज असो वा लिनक्स.

घरच्या लॅपटॉपपुरते बोलायचे तर आजच जुने काही पुसायची गरज नाही. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून, हार्ड डिस्कला हात न लावता यंत्र त्यावरूनच सुरू करता येते. वेग थोडा कमी वाटेल. वाय-फाय जोडावे, कॅमेरा आणि आवाज बघावा, मुलाच्या शाळेचे संकेतस्थळ उघडावे. एखादा शासन निर्णय उतरवून घेऊन त्यातली जोडाक्षरे नीट दिसतात का ते पाहावे आणि मग प्रिंटरकडे वळावे.