मावा आठ दिवसांचा, बाभूळ बाबांच्या हातची



परवा लहान भावानं एका दमात दोन गोष्टी काढल्या. पऱ्हाटीवर मावा दिसते, फवारून टाकू. अन् धुऱ्यावरची बाभूळ यंदा पाडू, सावलीनं चार ओळी वाया जातात. मी दोन्हीले नाही म्हटलं. घरात अबोला आहे, म्हणून इथं लिहितो.

मावा म्हणजे चीज आहे राजेहो! या दिवसांत मादीला नर लागत नाही. अंडी नाहीत, थेट पिल्लं. अन् ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देते. सोमवारी चार झाडांवर, पुढच्या सोमवारी अख्ख्या ओळीवर. पण तितक्याच लवकर तो खाल्लाही जातो. पान उलटून पाहा. मुंगळे गोड चिकटा चाटायला येतात, ते त्याचे राखणदार. ढालकिडे, त्यांच्या काळ्या अळ्या, क्रायसोपा हे आपले बिनमजुरीचे गडी. पहिल्याच फवाऱ्यात हे मरतात अन् मावा मोकळा होतो. पानामागे सरासरी 10 मावा भरेपर्यंत पंप उचलायचा नाही, अशी शिफारस आहे. मी वीस झाडं मोजली, सरासरी चार भरली. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले, ते कसं विसरावं?

संत्र्याची गोष्ट वेगळी. तिथं काळा मावा ट्रिस्टेझाचा विषाणू पसरवते, म्हणून नव्या नवतीवर रोज नजर पाहिजे.

आता बाभूळ. भावाची तक्रार खोटी नाही. सावली पडते, मुळ्या ओल ओढतात, तिथली पऱ्हाटी खुजी राहते. काटा पायात मोडला की मीही शिव्या देतो. पण तिच्याच मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांच्या कामी येतात, अन् आमच्या जुन्या वखराचं लाकूड तिच्याच जातीचं. मावा फवारला तर पंधरा दिवसांत परत येईल. बाभूळ अर्ध्या तासात आडवी होईल, अन् तेवढी परत व्हायला माझं उरलेलं वय लागेल.

शेताकडच्या खालच्या फांद्या उन्हाळ्यात छाटून देतो, असं भावाला कबूल केलं. फवारणीचं शनिवारी. पुन्हा वीस झाडं मोजू, पण यावेळी मोजणार तो.