सांध्यातली सुई आणि कमरेतली सुई

पन्नाशी उलटली की गुडघा धरतो, खांदा आखडतो. मग कुणीतरी सांगतं, 'अमक्याकडं जा, एका सुईत माणूस पळायला लागतो.' आणि खरंच पळतो! म्हणूनच दोन शब्द लिहावेसे वाटले.

अशी सुई पुष्कळदा स्टिरॉइडची असते. हे औषध म्हणजे विष नव्हे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळाले. परंतु औषध थांबले की दुखणे परतते, चालू ठेवले की तोंड सुजते, हेही तेव्हाच दिसून आले. पुढे औषध थेट सांध्यात सोडण्याची रीत निघाली.

सांध्याच्या आतले अस्तर सुजले की शरीर तिथे दाह वाढवणारी रसायने तयार करते. पाणी साठते, ठणका लागतो. स्टिरॉइड ही रसायने तयार होण्यालाच आळा घालते. सूज उतरते, आराम काही आठवडे, कधी दोन-तीन महिने टिकतो. मात्र झिजलेली गादी त्याने भरून येत नाही. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे गुडघ्यात ही सुई घेणाऱ्यांची गादी उलट जास्त झिजली, दुखणे मात्र साध्या मीठपाण्याच्या सुईपेक्षा कमी झाले नाही.

तेव्हा तज्ज्ञाकडून, तपासून, क्वचित घ्यावी. सांध्यात पू किंवा जंतुसंसर्ग असेल तर मुळीच नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा; साखर काही दिवस चढते.

कमरेत दर आठवड्याला टोचणे आणि बिननावाच्या पुड्या, हा प्रकार मात्र निराळा. ते औषध अंगभर जाते. रक्तदाब वाढतो, हाडे पोकळ होतात. महिनोन्महिने घेऊन एकदम सोडले तर जिवावर बेतते, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते. घेत असाल तर घाबरून बंद करू नका, सरकारी दवाखान्यात दाखवून हळूहळू कमी करा.

सरपंच, ग्रामसेवकांनी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात भीड कसली? अन् तुम्हीही सुईचं नाव कागदावर लिहून मागा. टोचून आल्यावर दोन दिवस तरी पोतं उचलू नका. ठणका गेलाय, गुडघा तोच आहे.