उभ्या प्रेक्षकाला हक्काची जागा द्या

३ मे २०२५ च्या पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविकांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. उताराची अरुंद वाट, दोन्हीकडून आलेले लोंढे, कोणी तरी पडले आणि मागच्यांना ते कळलेच नाही. पुरता महिना उलटतो न उलटतो तोच, ४ जूनला, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत अकरा जण दगावले. शिरगावात लोक उघड्या वाटेवर होते. बेंगळुरूत फाटकाच्या आत हजारो खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि माणसे मेली ती फाटकाबाहेर. या दोन घटना आम्ही शेजारी शेजारी ठेवतो, कारण आपल्याकडे मैदानाचा विषय निघाला की सुरक्षितता म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, असे समीकरण बेलाशक मांडले जाते. ते चुकीचे आहे, आणि त्याचा सर्वाधिक फटका पेडणे आणि डिचोलीसारख्या तालुक्यांतील फुटबॉलला बसतो आहे.

फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी तो शिवोलीत आणला असे मानले जाते. शिवोलीच्या समोर, शापोरा नदी ओलांडली की चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. खेळ इतक्या लवकर दाराशी आला, पण मोठे मैदान मात्र कधी आले नाही. धारगळला क्रीडानगरी उभारण्याचा प्रस्ताव आला आणि गुंडाळला गेला. डिचोली तालुक्याला साखळी परिसरातल्या सेझा फुटबॉल अकादमीचा आधार १९९९ पासून आहे, तिथून मुले घडली, पण मुले घडवणे वेगळे आणि त्यांचा खेळ पाहायला गावाला जागा देणे वेगळे. आज पेडण्याच्या फुटबॉलप्रेमीला एफसी गोवाचा सामना पाहायचा तर साठ-पासष्ट किलोमीटरवरचे फातोर्डा गाठावे लागते. सामना संपता संपता रात्रीचे साडेनऊ वाजतात. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याने परतायचे कसे, याचे उत्तर कोणी देत नाही. त्यामुळे या दोन तालुक्यांत फुटबॉल खऱ्या अर्थाने पाहिला जातो तो गावच्या मैदानावर.

ते पाहणे कसे असते हे तिथे उभे राहिलेल्याला ठाऊक आहे. एका बाजूला पॅव्हेलियन नावाची पत्र्याची शेड, तिच्यात पाहुण्यांसाठी मंडप डेकोरेटरकडून आणलेल्या खुर्च्या. बाकीच्या तिन्ही बाजूंना रेषेपासून दोन हातांवर माणसांची भिंत. पोरे चिऱ्यांच्या कुंपणावर चढलेली, मागे दुचाकींच्या सीटवर उभे राहिलेले तरुण, आणि त्या दुचाकी नेमक्या एकुलत्या एका वाटेत लावलेल्या. कॉर्नर मारायचा तर आधी पंचाला लोक मागे सरकवावे लागतात. गोल झाला की मागची रांग पुढे रेटते आणि पुढची मैदानात शिरते. साध्या लीग सामन्याला हे निभावते. आंतरग्राम स्पर्धेची अंतिम फेरी असेल, शेजारच्या दोन गावांची जुनी ईर्षा असेल, तर तिथे किती माणसे मावतात आणि किती आली, हे कोणालाच सांगता येत नाही. कारण कोणी मोजलेलेच नसते.

फातोर्ड्याची गोष्ट निराळी. १९८९ च्या नेहरू चषकासाठी उभे राहिलेले हे स्टेडियम एके काळी सिमेंटच्या उघड्या पायऱ्यांचे होते. लुसोफोनिया स्पर्धा, २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, २०२२ चा मुलींचा विश्वचषक, अशा टप्प्यांनी त्याचे रूप पालटले आणि आज तिथे सुमारे १९ हजार प्रेक्षकांची, प्रत्येकाला क्रमांकाची खुर्ची देणारी व्यवस्था आहे. फिफा आणि आशियाई महासंघाला मोठ्या सामन्यांसाठी हेच लागते. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला १ लाख ३१ हजार माणूस होता. २०१७ साठी खुर्च्या बसल्या आणि क्षमता ६६ हजारांवर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल नासर संघ फातोर्ड्यावर खेळून गेला तो या खुर्च्यांमुळेच. तिथे खुर्च्या असाव्यात, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो फातोर्ड्याचा साचा उचलून तालुक्याच्या मैदानावर बसवण्याला.

खुर्च्यांचा आग्रह जगभर पसरला तो एका दुर्घटनेतून. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने सामना पाहण्याच्या पिंजऱ्यांत माणसे चिरडली गेली. बळींचा आकडा पुढे ९७ वर गेला. जानेवारी १९९० मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि वरच्या दोन श्रेणींतील सर्व मैदाने खुर्च्यांची करण्यात आली. एवढी गोष्ट सर्वांना माहीत असते. त्याच टेलर यांनी आधीच्या अंतरिम अहवालात मुख्य कारण म्हणून कशावर बोट ठेवले होते, ते मात्र कोणी सांगत नाही. पोलिसांचे नियंत्रण सुटले, हे ते कारण होते. बाहेरची दाटी कमी करण्यासाठी एक फाटक उघडले गेले, आत आलेला लोंढा समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच तुडुंब भरलेल्या पिंजऱ्यांत शिरला. बाजूचे पिंजरे रिकामे असताना कोणी त्यांच्याकडे वळवले नाही, आणि पुढे उंच जाळी असल्याने मैदानात निसटायलाही वाट नव्हती. उभे राहण्याने माणसे मेली नाहीत. न मोजलेल्या गर्दीने, एकाच वाटेने आणि बंद जाळीने मेली. शिरगावची वाट आणि चिन्नास्वामीचे फाटक आठवा, तोच धागा सापडतो.

टेलर यांचा एक अंदाज साफ चुकला. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला देऊन ते म्हणाले होते की खुर्ची सहा पौंडांत आणि उभी जागा चार पौंडांत मिळते, तेव्हा खुर्च्या आल्या म्हणून तिकिटे फार महागण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षांत इंग्लंडमधली तिकिटे कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली. जर्मनीने तो रस्ता धरला नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडील एकट्या पायऱ्यांवर आजही २४ हजारांहून अधिक लोक उभ्याने सामना पाहतात, आणि खुर्चीच्या मानाने कितीतरी स्वस्तात. अखेर इंग्लंडलाही फेरविचार करावा लागला. जानेवारी २०२२ पासून निवडक मैदानांवर आणि त्या वर्षीच्या हंगामापासून रीतसर परवान्याने, प्रत्येक रांगेपुढे लोखंडी कठडा बसवून, उभे राहण्याची मुभा परत मिळाली. ज्या देशाने ९७ माणसे गमावली, त्याने तेहतीस वर्षांनी विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय आहे.

आपल्या देशातले दाखलेही हेच सांगतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात सोळा जण गेले. दोन्ही बाजूंचे समर्थक एकाच गॅलरीत कोंबले होते. १९ मार्च २०२२ ला केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील काळिकावजवळ सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलच्या सामन्यात तात्पुरती गॅलरी कोसळून दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले. त्या गॅलरीत बसायची सोय होती, पण तिच्या खांबांवर किती भार पेलतो याचा हिशेब नव्हता. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे सामने आजही पायऱ्यांवरच्या गर्दीपुढे होतात. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की तिथे कोण बसून राहते? हुल्लडबाजीचा त्रास तिथेही आहे, पोलिसांना धावाधाव करावी लागते. पण पेठापेठांनी मिळून पाहिलेला तो फुटबॉल टिकला, वाढला, त्यात पायऱ्यांचा मोठा वाटा आहे.

मग पेडणे-डिचोलीत काय बांधावे? आमचे म्हणणे असे, की तालुक्याच्या प्रमुख मैदानावर आणि फुटबॉल खेळणाऱ्या मोठ्या गावांत नीट आखलेल्या, कायमच्या, उभ्याने पाहण्याच्या पायऱ्या बांधाव्यात. नीट आखलेल्या, या शब्दांवर आमचा भर आहे. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत उत्तम स्थितीतील पायऱ्यांवर दहा चौरस मीटरला जास्तीत जास्त ४७ माणसे धरतात. आपल्याकडे पाऊस, शेवाळ आणि कडेवर मुले घेऊन येणारी माणसे लक्षात घेता ती तीसच धरावीत. चाळीस मीटर लांब आणि पाच मीटर खोल पायऱ्यांवर या हिशेबाने सहाशे माणूस सुखाने उभा राहील. त्याच जागेत खुर्च्या लावल्या तर ये-जा करण्याच्या वाटा सोडून चारशेच्या आसपास बसतील. म्हणजे संख्येतला फरक काही डोळे दिपवणारा नाही, आणि तसा दावा आम्ही करत नाही. खरा फरक पडतो तो खर्चात आणि देखभालीत. गोव्याच्या उन्हात बकेट खुर्ची काही वर्षांत पांढुरकी पडते, मग तडकते, आणि फुटलेली खुर्ची बदलायला पंचायतीकडे पैसा नसतो. चिऱ्याची किंवा काँक्रीटची पायरी पन्नास वर्षे टिकते.

त्या पायऱ्यांवर कमरेच्या वर येणारे भक्कम कठडे आडवे बसवावे लागतात. मागून आलेला रेटा पुढच्या रांगेपर्यंत पोचण्याआधी कठड्याने तो अडवायचा असतो, म्हणून ते ठरावीक अंतराने लावतात आणि वेल्डिंग करून न थांबता भार देऊन तपासतात. दोन्ही टोकांना बाहेर पडण्याची वाट हवी, आणि सामना चालू असताना तिच्या फाटकाला कुलूप नको. वाटेत दुचाकी लावू देऊ नये, यासाठी पंचायतीला कोणताही नवा कायदा लागत नाही. वृद्ध, अपंग आणि ज्यांना बसून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सावलीत बाके असलीच पाहिजेत. महिलांसाठी स्वच्छतागृह असले पाहिजे. ते नसल्यामुळे किती मुली आणि आया सामन्याला येतच नाहीत, हे आयोजक मंडळांना चांगले माहीत आहे.

उभ्या गर्दीला परवानगी देता येत नाही, असे अधिकारी सांगतात तेव्हा त्यांना धारगळची आठवण करून द्यावीशी वाटते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस तिथे सनबर्न महोत्सव झाला. हजारो लोक तासन् तास उभे होते, त्यासाठी अडथळे, प्रवेशद्वारे, पोलीस, वैद्यकीय पथक यांचा आराखडा केला गेला. तिकीट काढून आलेल्या पर्यटकासाठी जो आराखडा करता येतो तो पेडण्यातल्या फुटबॉलप्रेमीसाठीही करता आला पाहिजे. पैशाचे कारणही पटणारे नाही. डिचोलीतील खाणग्रस्त गावांसाठी जिल्हा खनिज निधी आहे; मैदानांचा विचार त्यातून का होऊ नये?

क्रीडा खाते, गोवा क्रीडा प्राधिकरण आणि गोवा फुटबॉल संघटना यांनी एकत्र बसून तालुका मैदानांसाठी पायऱ्यांचा एक नमुना आराखडा तयार करावा. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक फुटबॉल मैदान पाहून तिथली प्रेक्षकक्षमता ठरवावी आणि तो आकडा फाटकावर रंगवावा. त्याहून जास्त माणसे आत सोडणाऱ्या आयोजकाला पुढच्या स्पर्धेची परवानगी मिळू नये. हे काम पुढच्या हंगामाआधी होण्यासारखे आहे. आणि पेडणे-डिचोलीच्या वाचकांना आमची विनंती आहे की येत्या ग्रामसभेत उभे राहून पंचायतीला एवढेच विचारावे: आपल्या मैदानावर किती माणसे सुरक्षित उभी राहू शकतात, आणि हे कोणी, कधी मोजले?