रॅम जोडीची घ्यावी की सुटी?

घरातला डेस्कटॉप संथ झाला की 'रॅम वाढवा' हा सल्ला हमखास मिळतो. अब्बांच्या दुकानाचे हिशेब, आपाचे टायपिंगचे काम, धाकट्यांचा अभ्यास हे सारे एकाच संगणकावर चालत असेल, तर ८ जीबी अपुरी पडते. दुकानदार सांगतो, जुनी काढा, ८-८ जीबीची नवी जोडी घ्या. घरचे म्हणतात, चांगली चालणारी स्टिक का काढायची? तिच्याशेजारी एक सुटी लावू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या घराला काय लागू पडते ते पाहू.

घरगुती डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये बहुधा दोन वाटा असतात. त्यांना चॅनल म्हणतात. एकच स्टिक असेल तर एकच वाट चालते. डीडीआर४ ३२०० रॅम एका वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती नेते, दोन वाटांनी ५१.२ जीबी. हिशेब-टायपिंगला हा फरक फारसा जाणवत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये मात्र तो दिसतो, कारण तिथे चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते.

पण दोन्ही वाटा चालण्यासाठी दोन्ही स्टिक एकाच पाकिटातल्या असाव्या लागत नाहीत. त्या सारख्या क्षमतेच्या आणि योग्य स्लॉटमध्ये असल्या की पुरते. मग जोडीत वेगळे काय मिळते? कंपनीने त्या दोन्ही एकत्र, पाकिटावर लिहिलेल्या वेगाने तपासलेल्या असतात. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची स्टिक वर्षभराने घेतली, तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

म्हणून आम्ही असे सुचवू. नवा संगणक जुळवताना किंवा बायोसमधून वाढीव वेगाने रॅम चालवायची असेल तर जोडीच घ्या. घरात ८ जीबीची एक चांगली स्टिक आणि एक रिकामा स्लॉट असेल, तर तशीच सुटी घेऊन खर्च वाचवायला हरकत नाही. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. प्रकार, क्षमता, व्होल्टेज आणि वेग जुन्या स्टिकच्या लेबलवरून कागदावर उतरवून मगच दुकानात जा. वेग वेगळे असतील, तर दोन्ही कमी वेगाच्या स्टिकप्रमाणे चालतात.

न जुळल्यास बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घ्या. स्टिक लावण्याआधी हिशेबाच्या आणि अभ्यासाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवा. संगणक बंद करून प्लग काढा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा बहुधा वापरतात, तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहा. नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत करा. न जुळणारी रॅम दर वेळी संगणक बंद पाडतेच असे नाही. कधी ती गुपचूप फायली बिघडवते, आणि महिन्याचा हिशेब चुकल्यावरच ते लक्षात येते. सुटी स्टिक घेऊन पैसे जरूर वाचवा, पण ही एका रात्रीची तपासणी टाळू नका.