पुजारी कायद्याखाली आला, सरकार पाटावरून कधी उठणार?

धर्मनिरपेक्षता म्हणजे धर्मद्वेष, असा कांगावा नेहमी केला जातो. कोणी काय पुजावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. संविधानाच्या कलम २५ ने तो हक्क दिलाच आहे. आमचा प्रश्न सरकारला आहे : तुमचा धर्म कोणता?

पंढरपूरचेच घ्या. अस्पृश्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. १९७३ साली पंढरपूर मंदिरे कायदा झाला. बडवे-उत्पात कोर्टकचेऱ्या करत राहिले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले होते, पुजारी जन्माने नको, परीक्षेने व्हावा आणि त्याच्यावर राज्याचा अंकुश असावा.

म्हणजे पुजारी कायद्याखाली आला. पण सरकार? दर आषाढीला 'शासकीय महापूजा' होते आणि मुख्यमंत्री यजमान म्हणून पाटावर बसतात. त्यांनी भक्त म्हणून रांगेत उभे राहून खुशाल दर्शन घ्यावे. पण शासन म्हणजे बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, आदिवासी, नास्तिक असे आपण सगळे. आपल्या सगळ्यांच्या नावाने एका देवाची पूजा करण्याचा अधिकार कोणी दिला?

राज्य धर्माच्या गादीवर बसले की तोटा कोणाचा होतो, हे बोधगयेत दिसते. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. बौद्धांना स्वतःच्या महाविहारात बहुमत नाही!

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. मुंबईकडची गर्दी आमच्या कसारा घाटातूनच नाशिकला जाणार. त्या माणसांच्या सुरक्षेवर, पाण्यावर, संडासांवर खर्च झालाच पाहिजे. ते राज्याचे कर्तव्य आहे. पण आखाड्यांच्या महंतांना सन्मानाने बैठकीला बोलावणारे सरकार आमच्या पाड्यांवरच्या बायांना कधी बोलावणार? भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कुंभासाठी स्वतंत्र प्राधिकरण होते, पाड्यांच्या तहानेसाठी का नाही?

कलम २७ सांगते की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कोणावरही कर लादता येणार नाही. हा नियम आमच्या विहारांनाही लागू करा, आमची तक्रार नाही. भिक्खू, महंत, मौलवी, पाद्री यांनी नागरिक म्हणून बोलावे, मतदान करावे. सरकारी खुर्चीला मात्र गंध, टोपी, चीवर यांपैकी काहीही नको. शासकीय महापूजा बंद करा आणि पाड्यावर नळ आणा.

जय भीम! जय संविधान!