अवजार कोणाचे?

व्हिडिओ खेळ रचण्याच्या अवजारांविषयी या पानावर काही लिहावे, याचे काही साथींना नवल वाटेल. परंतु उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा आपला जुनाच प्रश्न आहे, आणि तो आता बुधवार पेठेतल्या वाड्याच्या माडीवरही येऊन पोहोचला आहे.

तापकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला असलेल्या एका शेजाऱ्यांचा मुलगा परवा माझ्याकडे आला. त्याला संगणकावर खेळ तयार करायचे आहेत. एका खाजगी शिकवणी-संस्थेने त्याच्यापुढे महागडा अभ्यासक्रम ठेवला असून वडील त्यासाठी कर्ज काढण्याच्या बेतात होते. मॉडेलिंगचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि लेव्हल एडिटर कोणता, असे त्याने विचारले. मी अर्थशास्त्राचा निवृत्त मास्तर. पण प्रश्न अर्थशास्त्राचाच होता.

मॉडेलिंग म्हणजे खांब, घोडा, माणूस यांना संगणकात त्रिमिती आकार देणे. लेव्हल एडिटरमध्ये त्या वस्तू मांडून खेळाडू वावरणार ती जागा उभी करायची. पहिल्या कामासाठी मोठ्या स्टुडिओंत 'माया' चालते. मात्र ऑटोडेस्क या तिच्या मालक कंपनीने २०१६ पासून तिचे नवे कायमचे परवाने विकणे बंद केले. शिकताना फुकट, पोटापाण्यासाठी भाडे; आणि भाडे थकले की अवजार हातातून जाते. कूळकायद्याच्या लढ्यात उमेद घालवलेल्यांना हा खंड लगेच ओळखू येईल. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. संगणकाच्या शेतात नेमका उलटा प्रवास चालू आहे.

'युनिटी'ची गोष्ट याहून बोलकी. १२ सप्टेंबर २०२३ रोजी या कंपनीने जाहीर केले की, ठरावीक मर्यादेपलीकडे, तिच्या इंजिनवर बनलेला खेळ यंत्रावर बसवला जाईल त्या प्रत्येक वेळेगणिक आकार द्यावा लागेल. आधी बाजारात आलेले खेळही यातून सुटत नव्हते. जगभरच्या खेळकर्त्यांनी बंड केले. दहा दिवसांत कंपनी नरमली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो आकार रद्दच झाला.

याउलट 'ब्लेंडर' पाहा. २००२ साली त्याची मूळ कंपनी बुडाली, तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीची हाक दिली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात बनलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. जागा मांडण्यासाठी अर्जेंटिनात जन्मलेले, २०१४ पासून खुले असलेले 'गोडो' आहे.

भाबडेपणाही नको. 'अनरियल'च्या मालक एपिक कंपनीने २०१९ मध्ये ब्लेंडरला बारा लाख डॉलर दिले. भांडवलालाही सामाईक विहीर हवी असते. पुण्यातच घडलेला, २०२० सालचा 'राजी' हा खेळ अनरियलवरच बनला, आणि ती निवड चुकली असे मी म्हणणार नाही. आज दहा लाख डॉलर उत्पन्नापर्यंत ते इंजिन काही मागत नाही, पुढे पाच टक्के घेते. फक्त हे आकडे ठरवणारा पलीकडे बसलेला आहे.

वडिलांना मी कर्जाचे कागद थांबवायला सांगितले. मुलगा मोजपट्टीने वाड्याचा चौक मोजून ब्लेंडरमध्ये उतरवीत आहे. मुलाखतीत माया विचारली तर काय, ही त्याची धास्ती मात्र खरी आहे. शासकीय तंत्रनिकेतनांनी खुली अवजारे रीतसर शिकवून त्यांचे प्रमाणपत्र द्यावे, ही मागणी आपल्या युवक कार्यकर्त्यांनी या वर्षीच्या प्रवेशांपूर्वी मांडावी.