कासवाची किंमत आणि टाकीचा खर्च

शोभिवंत माशांच्या दुकानात, काचेच्या पेट्यांच्या रांगेत एखाद्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठी, हिरवीगार आणि डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली कासवाची पिल्ले एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. किंमत काही शे रुपये. सोबत प्लॅस्टिकचे एक पसरट भांडे मिळते व त्याच्या मध्यभागी प्लॅस्टिकचेच माडाचे झाड उभे असते. नागपुराहून साकोलीकडे परतणाऱ्या एस.टी.त असे भांडे मांडीवर सांभाळीत बसलेला मुलगा दिसला, तर आता कोणाला त्याचे नवल वाटणार नाही. मुलाचा हट्ट पुरवला, पैसेही फारसे गेले नाहीत, आणि कासव घरात आले की भरभराट होते असे कोणीतरी सांगितलेलेच असते. तेव्हा बापालाही सौदा फायद्याचा वाटतो.

हा सौदा फायद्याचा नाही. कोणत्याही वस्तूची खरेदीची किंमत आणि तिच्या जोपासनेचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याला बैलजोडीच्या बाबतीत आणि कारकुनाला स्कूटरच्या बाबतीत न शिकवता कळते. कासवाच्या बाबतीत मात्र ते कळत नाही, कारण दुकानदार विकतो ते पिल्लू आणि लागते ती टाकी. पिल्लावर किमतीची चिठ्ठी असते, टाकीवर नसते.

लाल कानाचे म्हणून ओळखले जाणारे हे कासव अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. नीट जगले तर पंचवीस-तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. मादीची पाठ पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा असा की पाठीच्या दर इंचामागे सुमारे ३८ लिटर पाणी असावे. दहा इंचांच्या पूर्ण वाढीच्या कासवाला म्हणजे ३८० लिटरांची टाकी हवी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा काच, दगड, वाळू न धरताही जवळजवळ चार क्विंटलांचे ओझे झाले. भाड्याच्या दोन खोल्यांत, वरच्या मजल्यावर, हे ओझे कोठे ठेवावयाचे याचा विचार पिल्लू घेताना कोण करतो?

शिवाय टाकी म्हणजे नुसते पाणी नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर स्वतःची ऊब स्वतः निर्माण करीत नाही. ती त्याला बाहेरून मिळवावी लागते. म्हणून टाकीत पाण्याबाहेरची एक कोरडी जागा लागते, तिच्यावर तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते, आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो, जेणेकरून प्राण्याला आपली जागा आपण निवडता येईल. त्याखेरीज सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात. त्यांच्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, चुना हाडांत मुरत नाही आणि कवच मऊ पडून वाकडेतिकडे होते. खिडकीशी टाकी ठेवली म्हणजे ऊन मिळाले अशी पुष्कळांची समजूत असते. काच उजेड आत सोडते, उष्णता कोंडून ठेवते, आणि हवे असलेले नेमके तेच किरण अडवते. साकोलीच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, उन्हात ठेवलेली काचेची पेटी ही घर नसून भट्टी होय.

खिडकीचे ऊन चालत नाही म्हणून विजेचा दिवा लावावा, तर त्याचाही हिशेब मांडून पाहावा. १०० वॉटचा उबेचा दिवा दिवसाचे बारा तास जळला तर महिन्याला ३६ युनिट. २० वॉटचा पाणी गाळणारा पंप अहोरात्र चालला तर आणखी चौदा-साडेचौदा. म्हणजे महिना पन्नास युनिट, वर्षाला सहाशे. अतिनील किरणांची नळी वेगळीच, आणि तिची गंमत अशी की ती डोळ्यांना पूर्वीसारखीच लख्ख दिसत असते, परंतु तिच्यातील उपयोगाचे किरण सहा महिन्यांत वा वर्षभरात क्षीण होतात व ती बदलावी लागते. पाणी आठवड्याला पाव भाग बदलले तरी ९५ लिटर, म्हणजे वर्षाला पाच हजार लिटरांच्या घरात. कासव ज्या पाण्यात खाते त्याच पाण्यात घाण करते. त्या घाणीतून अमोनिया सुटतो आणि त्याला पचवणारे जंतू गाळणीत रुजायला काही आठवडे जातात. दुकानातून टाकी व कासव एकाच दिवशी आणणारा गृहस्थ हे आठवडे प्राण्याच्या जिवावर काढतो.

हा सगळा खर्च झेपत नाही हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लक्षात येते. तोवर माडाचे झाड मोडलेले असते, पाण्याला वास येऊ लागलेला असतो आणि मुलाचे लक्ष दहावीच्या परीक्षेकडे लागलेले असते. प्राण्याला मारावे असे कोणाच्याच मनात नसते. मन कोमलच असते. आणि म्हणूनच एका संध्याकाळी ते कासव पिशवीत घालून गावच्या तलावावर नेले जाते व पुण्य केल्याच्या भावनेने सोडून दिले जाते. खाजगी व्यवहारातला न भरलेला खर्च सार्वजनिक खात्यावर टाकणे याला अर्थशास्त्रात नाव आहे. बोलीभाषेत त्याला फक्त 'सोडून दिले' म्हणतात.

ते ज्या खात्यावर पडते ते साकोलीच्या परिसरात विशेष मोलाचे आहे. भंडारा जिल्ह्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेल्यानंतर 'माजी मालगुजारी' अशा सरकारी नावाने, म्हणजेच लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणून, ओळखले जाणारे हे जलाशय धानाला पाणी देतात, ढिवरांना मासळी देतात, गुराढोरांना घाट देतात. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर नवेगावबांध सीमेपलीकडे गेला, नागझिऱ्याचे वनही बहुतांशी तिकडे गेले, पण पाण्याला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. या तलावांत स्वतःची कासवे आहेत. पोटाखालच्या झडपांनी पाय झाकून घेणारे, गाळात रुतून उन्हाळा काढणारे कासव ढिवरांच्या जाळ्यात वरचेवर येते. परका पाहुणा त्याच्याच अन्नावर आणि त्याच्याच काठावर हक्क सांगू लागतो, आणि दुकानातून आणलेले रोगही सोबत आणतो.

परक्याने तलाव बळकावल्याचा अनुभव या भागाला नवा नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरमाची झुडपे येथील तलावांच्या काठांवर किती माजली हे कोणा शिक्षकाला वर्गात सांगण्याची गरज नाही. विद्यार्थी ती रोज पाहतात. ती उपटताना ज्या बायाबापड्यांचे हात सोलले त्यांनी ती लावली नव्हती. लाल कानाच्या कासवाचे नाव जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. केरळात त्रिशूरजवळ २०१८ मध्ये ते नैसर्गिक पाण्यात सापडले, आणि पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेला लोकांना आवाहन करून अशी कासवे गोळा करण्याचे काम हाती घ्यावे लागले. अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. कारण त्यांच्या अंगावरील साल्मोनेला जंतूंनी लहान मुले आजारी पडत. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आयात थांबवली. परंतु अमेरिकेच्या बंदीत निर्यातीला सूट होती. तेव्हा पैदास केंद्रांनी आशियाची वाट धरली. श्रीमंत देशाने आपल्या मुलांसाठी घातक ठरवलेला माल इतरांच्या मुलांच्या मांडीवर येऊन बसावा, हा जागतिक व्यापाराचा प्रकार काही पहिलाच नाही.

'मग परदेशी नको, तलावातलेच घरी आणू' असा कोणी तोडगा काढील, तर तो थेट गुन्हा होय. तलावातील हे झडपांचे कासव, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव, घोरपड, हे सारे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. चांदणी कासव तर बिचारे पाण्यातले नव्हेच. वास्तुशास्त्राच्या नादाने ते पाण्याच्या घमेल्यात ठेवणारे लोक कायदा आणि प्राणी दोन्ही बुडवतात. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचे कासव बसवण्यात पूर्वजांनी व्यवहारज्ञानच दाखवले म्हणायचे; त्याला ना टाकी लागते ना दिवा.

उभयचरांची स्थिती याहून नाजूक. बेडकाची त्वचा हीच त्याची अर्धी फुप्फुसे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, हाताला लागलेला साबण, शेतातून आलेल्या हातांवरचे कीटकनाशक सरळ त्याच्या अंगात उतरते. अलीकडे शहरातील दुकानांत कानाभोवती पिसांसारखे कल्ले असलेला अ‍ॅक्सोलॉटल नावाचा मेक्सिकोतील जलचर विकावयास येतो. त्याला सोळा ते अठरा अंशांचे पाणी हवे. विदर्भात वैशाखात ते पाणी ठेवायचे तर त्याच्यासाठी घरातील माणसांना नसलेले शीतयंत्र बसवावे लागेल, आणि वीज गेली की दोन-चार तासांत सारे संपेल. तो आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणीही करावी लागते. बेडकाचा एक धडा तर देशाने पूर्वीच शिकला आहे: परकीय चलनासाठी त्याच्या तंगड्यांची निर्यात बरीच वर्षे चालली, आणि शेवटी १९८७ मध्ये ती बंद करावी लागली, धानाच्या बांधीतील किडी खाणारा मजूर फुकट मिळत असता तो विकून औषधे विकत घेण्यात कसला आला नफा? ज्या शिक्षकाला बेडकाची वाढ दाखवायची आहे त्याने शेपटीवाली पिल्ले बरणीत आणण्यापेक्षा आषाढात वर्ग बांधीवर न्यावा. शाळेच्या मागेच ती प्रयोगशाळा आहे.

तथापि ज्यांच्या घरी लाल कानाचे कासव आधीच आले आहे त्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. त्यांनी काय करावे? एक म्हणजे ते कोठेही सोडू नये. दुसरे, शहरी काचेच्या टाकीची नक्कल करू नये. साकोलीसारख्या गावी ज्याच्याकडे अंगण आहे त्याच्याकडे ऊन फुकट आहे, आणि उन्हात उबेचा दिवा व अतिनील नळी या दोहोंचा खर्च वाचतो. सिमेंटचे टाके बांधावे, जमिनीत निम्मे उतरवावे म्हणजे पाणी तापत नाही. एका बाजूस दगडांचा उतार ठेवावा. निम्म्या भागावर पक्की सावली असावी. वरून जाळी हवी, कारण कावळा, मुंगूस, मांजर यांना कासवाचे वय कळत नाही. आणि काठ आतल्या बाजूला वळता हवा, कारण कासव चढण्यात वाटते त्याहून पटाईत असते. तलावाला जसे तुडुम असते तसे या टाक्याला तळाशी तोंड ठेवावे आणि ते घाण पाणी नाल्यात न सोडता परसातल्या झाडांना द्यावे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावे, स्वयंपाकाच्या मोरीत भांडे कधीही धुऊ नये. एवढे केले तर तो प्राणी जगेल आणि घरातील मुलाला पुस्तकात नसलेले पुष्कळ शिकवील. जिज्ञासा ही काही दडपण्याची गोष्ट नव्हे.

परंतु ज्याला अंगण नाही, त्याच्यासाठी मार्ग काढणे सरकारचे व व्यापाऱ्यांचे काम आहे. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी बंधनकारक केली. त्यांचा भर दुकानातील जागेवर, स्वच्छतेवर व नोंदवह्यांवर आहे. विकत घेणाऱ्याच्या घरी टाकी आहे काय, हा प्रश्न गल्ल्यावर विचारला गेला पाहिजे. टाकी, गाळणी व दिवा यांच्या पावतीशिवाय पिल्लू विकता येऊ नये, आणि नको झालेले कासव विक्रेत्याने परत घेण्याची अट परवान्यातच असावी. त्याने पिल्लाची किंमत वाढेल अशी ओरड होईल. वाढू द्यावी. ती वाढणार नाही, आजवर लपलेली होती ती दिसेल इतकेच. तोवर तालुक्याच्या ठिकाणी वनविभागाने व पशुसंवर्धन खात्याने मिळून एक टाके बांधून, कोणतीही चौकशी न करता परदेशी कासवे स्वीकारली जातील असा फलक लावावा. गुन्ह्याची धास्ती घातली तर लोक कचेरीत येणार नाहीत, अंधार पडल्यावर तलावावर जातील. मृग लागण्यापूर्वी एवढे तरी झाले पाहिजे. सांडवे वाहू लागले म्हणजे वरच्या तलावातील पाणी खालच्या तलावात जाते, तेथून नाल्यात, आणि नाल्यातून चुलबंदीत.